सहाव्या पटाची खुर्ची

मी तापट आहे असं सगळे म्हणतात, आणि ते ऐकलं की माझं डोकंच फिरतं. एकसष्ट वर्षांच्या माणसानं दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या घासायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन गोड बोलायचं, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. हो, मी कवळ्या बनवतो. डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, मी त्यात प्लॅस्टर ओततो, मेणात एकेक दात बसवतो, घासून गुळगुळीत करतो. माणूस हसतो ते माझ्या कामाच्या जोरावर आणि नाव होतं डॉक्टरांचं. ते असो. आयुष्यात निव्वळ माझं म्हणावं असं एकच काही होतं, ते म्हणजे आमच्या बुद्धिबळाच्या क्लबातला सहावा पट.

सहावा पट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर मधेच विचाराल. आमच्या क्लबचा संघ सहा जणांचा. पहिल्या पटावर सगळ्यात तगडा खेळाडू बसतो आणि तिथून उतरत उतरत सहाव्यावर मी. शेवटचा का होईना, पण संघात. साखळी सामने सुरू झाले की आम्ही सहा जण दर रविवारी कप्तानाच्या गाडीतून दुसऱ्या गावांना खेळायला जातो. कप्तानाची बेकरी आहे, त्यामुळे गाडी पावाची. आम्ही अंगाला पावाचा वास घेऊन उतरतो, खेळतो, वाटेत भांडतो आणि अंधार पडायच्या आत परत येतो. सातवा माणूस राखीव असतो. राखीव म्हणजे घरी बसणारा. एकोणीस वर्षं मी त्या गाडीतून गेलो आणि मला घरी बसायचं नव्हतं.

नियम असा आहे की सामने सुरू व्हायच्या आधीच्या दोन महिन्यांत क्लबचा कुठलाही सभासद सहाव्या पटाला आव्हान देऊ शकतो. एका सभासदाला एकदाच, आणि एकच डाव. पांढऱ्या सोंगट्या सहाव्या पटाच्या खुर्चीवाल्याला, म्हणजे पहिली चाल त्याची. बरोबरी झाली तर खुर्ची जुन्याचीच. हा नियम बारा वर्षांपूर्वी समितीत असताना मीच करून घेतला होता. तो नेमका कुणाच्या सोयीचा आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

यंदा आव्हान दिलं आमच्या सूनबाईनं.

आमचा मुलगा सहा-सहा महिने जहाजावर असतो. नवी सून घरात एकटी कंटाळेल म्हणून मीच तिला पट मांडून शिकवलं. माझीच अक्कल, दुसऱ्या कुणाला काय बोलणार? दिवसा ती औषधांच्या दुकानात असते आणि तिथल्या बाटल्यांवरच्या बारीक अक्षरांसकट सगळं तिच्या लक्षात राहतं. तीन वर्षांत ती क्लबातल्या दुसऱ्या गटात पहिली आली. हिवाळ्यातल्या स्पर्धेत तिनं मला सगळ्यांच्या देखत सत्तावीस चालींत लोळवलं. मी सर्दीचं निमित्त सांगितलं. घरी आल्यावर तिनं खरोखरच सर्दीची गोळी आणून दिली, ते मला जास्त झोंबलं.

आव्हानाची चिठ्ठी क्लबच्या फळ्यावर लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामाच्या टेबलाचा खण उघडून त्या हिवाळ्यातल्या डावाचा कागद काढला. स्पर्धेत प्रत्येक जण आपल्या आणि समोरच्याच्या चाली लिहीत जातो, त्यामुळे हरल्याचा लेखी पुरावा आपल्याच अक्षरात आपल्याकडे राहतो. तो पुन्हा बघणं म्हणजे दुखऱ्या दाताला जीभ लावत बसणं. पण बघितला. पांढऱ्यानं मी गेली एकतीस वर्षं एकच सुरुवात खेळतो. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट तिरका बाहेर, मग किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात बंदोबस्तात. या सुरुवातीला कुठे भोक नाही, हे मी क्लबात इतक्यांदा सांगितलंय की आता माझ्या आधी लोकच ते वाक्य म्हणून टाकतात. आणि तरीही त्या डावात बाराव्या चालीपर्यंत माझी दाणादाण उडाली होती.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं. नवव्या चालीला मी घाईघाईनं मधलं प्यादं पुढे ढकललं होतं. आधी हत्ती मधल्या पट्टीवर आणायला हवा होता, मग प्यादं. एवढंच. मला इतका आनंद झाला की एका गिऱ्हाईकाच्या कवळीत सुळा उलट्या बाजूला बसवला आणि पुन्हा मेण वितळवावं लागलं.

पण कागदावर सापडणं वेगळं आणि हातात बसणं वेगळं. काळ्या सोंगट्या हलवायला समोर कुणीतरी हवं. क्लबातल्या कुणाला सांगितलं असतं तर पंधरा मिनिटांत सूनबाईच्या कानावर गेलं असतं. राहता राहिली बायको.

ती बुद्धिबळ खेळत नसे. सोंगट्या कशा चालतात तेवढं तिला येत होतं, कारण एकतीस वर्षं मी जेवताना दुसरं काही बोलतच नाही. तिनं सव्वीस वर्षं एका मोठ्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर काढली. याचा फोन त्याला जोडायचा, त्याचा याला. कुणाचं कुणाशी जमलंय, कोण राजीनामा देणार, कोणाचं साहेबाशी वाजलंय, सगळं हिच्या कानात आधी. मागच्या वर्षी ती निवृत्त झाली, तरी त्यातलं एक अक्षर तिनं मला सांगितलेलं नाही. अशा तोंडाला कुलूप असलेल्या माणसापेक्षा तयारीला आणखी काय हवं?

सूनबाई संध्याकाळी आठपर्यंत दुकानात असायची. सहा ते आठ आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट मांडायचो. पहिल्याच दिवशी मी बायकोला बजावलं, "तुला काही कळायची गरज नाही. मी सांगतो तिथे ठेवायचं. आणि सूनबाईला यातलं काही कळता कामा नये." ती मटार सोलत होती. मान वर न करता बरं म्हणाली.

पहिला आठवडा झकास गेला. मी सांगायचो, ती ठेवायची. मधूनमधून मटार पटावर घरंगळायचे आणि मी ओरडायचो. दुसऱ्या आठवड्यात एकदा ती काळा घोडा हातात धरून तशीच बसली आणि विचारती झाली की हा इथे न ठेवता तिथे, पलीकडे ठेवला तर? मी भडकलो. मी म्हटलं, सूनबाईनं तो तिथे ठेवलेलाच नाही, ठेवणार नाही, आणि तू कृपा करून डोकं चालवू नकोस. तिनं निमूटपणे घोडा मी सांगितलेल्या घरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कामावर प्लॅस्टर कालवताना तो घोडा माझ्या डोळ्यांपुढे येऊन उभा राहिला. खरंच तिथे आला तर? माझ्या हाताखाली प्लॅस्टर घट्ट होऊन गेलं. तो घोडा तिथे आला असता तर माझा वजीर आणि हत्ती एकाच वेळी सापडत होते, माझी सगळी सुधारणा पाण्यात. दुपारपर्यंत बसून मी त्यावर तोड काढली, हत्ती वेळीच मागे घ्यायचा. संध्याकाळी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की कालच्या डावात मी एक मोठा धोका हेरलाय. ती म्हणाली, हो का.

मग हे असंच चालू झालं. एकाआड एक दिवस तिची काहीतरी शंका निघायची. प्यादं एकच घर सरकवलं तर? उंट मागे नेला तर? मी आधी तिच्यावर खेकसायचो, मग दुसऱ्या दिवशी कामावर माझी पाचावर धारण बसायची, मग तोड सापडायची. नवव्या चालीपासून सुरू झालेली माझी तयारी अठराव्या, एकोणिसाव्या चालीपर्यंत जाऊन पोहोचली. मी तिला एकदा म्हणालोसुद्धा, की अडाणी माणसाच्या तोंडूनही कधीकधी कामाचं निघतं. कौतुक म्हणूनच म्हणालो होतो.

सामन्याच्या रविवारी क्लबात वीसेक माणसं जमली. सासरे विरुद्ध सून, म्हटल्यावर येणारच. आम्ही बसलो, कप्तानानं घड्याळ सुरू केलं आणि मी धडाधड खेळत सुटलो. सूनबाईही धडाधड. नवव्या चालीला मी हत्ती मधे आणला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, पोरगी दचकेल. तिनं लगेच प्यादं एक घर सरकवलं. मला माहीत होतं तेच प्यादं. मी उत्तर दिलं, तिनं प्रत्युत्तर दिलं. तेराव्या चालीला तिचा घोडा नेमका त्या पलीकडच्या घरात येऊन बसला. मी हत्ती मागे घेतला, हे माझं गुपित अस्त्र. ते बघून आता दचकायची पाळी तिची होती, पण ती दचकली ते भलत्याच कारणानं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं आणि आम्ही दोघांनी एकदमच मान वळवली.

भिंतीकडेच्या खुर्चीवर आमची ही मांडीवर पर्स ठेवून बसली होती. आमच्या नजरा बघून ती छताच्या पंख्याकडे बघायला लागली.

पुढचं काय सांगायचं. एकोणिसाव्या चालीपर्यंत दोघांची मिळून पाच मिनिटंही गेली नव्हती. तिथे तयारी संपली आणि विसाव्या चालीला मी वजिरानं शह दिला, तिचा राजा कोपऱ्यात गेला, मी परत शह दिला, तो परत आला. असं तीनदा झालं आणि नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला. खुर्ची माझी. कप्तानानं माझी पाठ थोपटली. सूनबाईनं हात मिळवला आणि कानाशी येऊन म्हणाली की घरी जाऊन आधी आईंना गाठूया.

घरी उलगडा झाला. मी सकाळी साडेसातला कामावर निघालो की सूनबाई त्याच टेबलावर तोच पट मांडत होती, तोच हिवाळ्यातला डाव घेऊन. जिंकली असली तरी तिला ठाऊक होतं की सुरुवातीत तिचं काही खरं नव्हतं, मी नववी चाल सुधारली तर तिचे वांधे होते. तिलाही समोर कुणीतरी हवं होतं. तिनंही आईंना बजावलं होतं, बाबांना कळू देऊ नका. आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो आणि जाब विचारला. बायको चहा गाळत होती, तो तिनं पुरता गाळला.

"मी कुणाचं कुणाला काहीच सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी फक्त विचारलं, असं झालं तर?"

सूनबाई पोट धरून हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण खुर्ची वाचली होती, त्यामुळे दुसऱ्या कपापर्यंत तो ओसरला.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला सवय लागली होती. मंगळवारी कामावर वेळ होता, तेव्हा मी त्या बरोबरीच्या डावाचा कागद काढला आणि पुन्हा एकेक चाल मांडून बघायला लागलो. एकोणिसाव्या चालीवर आलो आणि ती चाल पुन्हा मांडली. तिथे सूनबाईनं हत्ती हलवला होता. तिनं तो न हलवता काळ्या उंटानं सरळ माझ्या राजासमोरचं कडेचं प्यादं मारलं असतं, तर मी संपलो होतो. राजानं उंट मारायचा, की लगेच घोड्याचा शह, मग वजीर, मग मात. चार चालींत. भोक नव्हतं म्हणे.

मी कधी दुपारी घरी जात नाही. त्या दिवशी गेलो. हात धुवायचेही राहिले होते. बायकोला पटापुढे बसवलं, डाव एकोणिसाव्या चालीपर्यंत आणला आणि विचारलं की ही उंटाची चाल तुला माहीत होती का.

तिनं पटाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, तिसऱ्या आठवड्यातच दिसली होती.

"मग तिला का नाही सांगितलंस?"

"तिनं विचारलं नाही," बायको म्हणाली. "तुम्हीही नाही विचारलंत. दोघांचं एकच, इथे ठेव आणि तिथे ठेव. मी ठेवत होते."

यावर माणसानं काय म्हणायला हवं होतं? मी काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, बरं झालं नाही सांगितलंस ते, आता अशीच गप्प राहा. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. ती हसली आणि गप्प राहीन म्हणाली.

शुक्रवारी क्लबात गेलो तर फळ्यावर नवी चिठ्ठी. सहाव्या पटाला आव्हान. आव्हान देणारी सभासद त्याच आठवड्यात दाखल झालेली, शिफारस सूनबाईची, खाली माझ्या बायकोची सही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी डाव. कप्तान माझी नजर चुकवत होता. म्हणाला, "नियम तुमचाच आहे हो."

मी तडक घरी. बायको इस्त्री करत होती. मी आवाज चढवला, हे काय खूळ, लोक हसतील, चार आठवडे सोंगट्या हलवल्या म्हणून कुणी खेळाडू होतं का, वगैरे वगैरे. तिनं माझ्याच शर्टाची कॉलर उलटून नीट दाबली आणि मला बोलू दिलं. मग म्हणाली, "एकोणीस वर्षं तुमचा डबा भरून दिला आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभी राहिले. आता माझी नोकरी संपलीय. मलाही त्या गाडीत बसायचंय."

 राग आला नव्हता असं नाही, आला होता, पण कुणावर काढावा ते कळेना. शेवटी इस्त्रीची वायर नीट लाव असं काहीतरी बोलून मी बाहेर आलो.

आता मला तयारीला माणूस हवा होता. सूनबाईला म्हटलं, बस जरा समोर. तिनं सरळ हात जोडले. म्हणाली, बाबा, मी आईंना शब्द दिलाय, आणि तिथे काळ्या बाजूला त्याच बसतात, पांढऱ्या मी हलवते, त्या सांगतील तिथे. म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्याच सुरुवातीची चिरफाड चालली होती आणि त्याच घरात मी नकोसा झालो होतो. सूनबाई आठला दुकानातून आली की मला भाजी आणायला पाठवायचे.

मग काय, मी कामाच्या टेबलावर, प्लॅस्टरच्या जबड्यांच्या मधोमध लोहचुंबकाचा छोटा पट ठेवून एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायला लागलो. स्वतःशी खेळताना एक अडचण होते, आपण आपल्याला फार सांभाळून घेतो. तरी तोड निघाली. चौदाव्या चालीला राजासमोरचं ते कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवून ठेवायचं. म्हणजे उंटाला मारायला तिथे काही उरतच नाही. कप्तानानं तर आणखी सोपं सुचवलं. बेकरीत पाव मोजून देता देता हळूच म्हणाला की तुम्ही सुरुवातच बदला, वहिनींना तेवढी एकच येते, तिसऱ्या चालीला उघड्या पडतील. खरं होतं ते. पण एकतीस वर्षं छाती ठोकून सांगितल्यावर बायकोला भिऊन सुरुवात बदलायची? तेवढी लाज मला होती. मी म्हटलं, प्यादं सरकवतो, बास.

रविवारी हॉल भरलेला. आधीच्या वेळेपेक्षा दुप्पट माणसं. बायकोनं कचेरीत घालायची तो निळा स्वेटर घातला होता आणि दोन टोकदार पेन्सिली आणल्या होत्या. एक सभासद दुसऱ्या सभासदाकडे बघतो तसं तिनं माझ्याकडे बघितलं. घड्याळ सुरू झालं.

तेरा चाली आम्ही न थांबता खेळलो. तिचं लिहिणं इतकं सुबक की मी माझा कागद हातानं झाकला. चौदाव्या चालीला मी कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. तिनं भुवई उचलली, लिहून घेतलं आणि खेळली. पंधरा, सोळा, सतरा. आता ती जुनी उंटाची चाल राहिलीच नव्हती आणि मला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. अठराव्या चालीनंतर ती थांबली.

पाच मिनिटं झाली, सात झाली. मी उठून पाणी पिऊन आलो. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली की वहिनी अडकल्या. सूनबाई नखं खात होती, म्हणजे ही चाल त्यांच्या टेबलावर आलीच नव्हती. अकराव्या मिनिटाला बायकोनं मान वर केली आणि अगदी हळू म्हणाली, "बरोबरी?"

बरोबरी म्हणजे खुर्ची माझी. मी पटाकडे बघितलं. मला कुठेही काही धोका दिसत नव्हता. घाबरली बिचारी, असं मनात आलं, आणि मी हो म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. फार वर्षांपूर्वी एकदा मी तिच्या कचेरीत किल्ल्या द्यायला गेलो होतो. ती बोर्डावर बसली होती, कानाला यंत्र, नजर समोरच्या भिंतीवर आणि चेहरा कोरा. तिला काहीतरी मोठं ऐकू येत होतं आणि ते तिला ऐकू आलंय हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आत्ता तिचा चेहरा तसाच होता. ती घाबरलेली नव्हती. तिला काहीतरी दिसलं होतं, आणि ते ती माझ्यासाठी गिळून टाकायला निघाली होती.

नुसती मान हलवायची होती. चाळीस माणसं बघत होती, त्यातल्या एकालाही कधी कळलं नसतं. मला ती खुर्ची हवी होती. खोटं कशाला बोलू, फार हवी होती. रविवारची सकाळ, ती गाडी, वाटेतली भांडणं, याशिवाय आठवडाभर माझ्याकडे होतं काय, लोकांचे दात. मी तिच्याकडे बघितलं आणि एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं.

"तू काय खेळशील?" मी विचारलं.

डाव चालू असताना बोलायचं नसतं. कप्तानानं घसा खाकरला. बायकोनं पेन्सिल खाली ठेवली.

"खरंच विचारताय?"

"खरंच."

मग तिनं हात लांब केला. काळ्यांचा दुसरा उंट, सबंध डावात आपल्या घरातून न हललेला, तिनं उचलला आणि कर्णावरून आणून मी सरकवलेल्या त्या प्याद्यावर ठेवला. प्यादं एक घर पुढे गेलं नसतं तर या उंटाला ते मारताच आलं नसतं. मी उंट मारला. वजीर आला. मी राजा हलवला. घोडा आला. मी डोकं हातात धरून सहा मिनिटं बसलो, पण बसून काही होण्यासारखं नव्हतं. मी राजा आडवा केला.

मागे टाळ्या वाजत होत्या, सूनबाई खुर्चीवर चढून ओरडत होती, कप्तान तिला खाली उतर म्हणत होता. मी विचारलं, ही कधी दिसली? दुसऱ्या आठवड्यात की तिसऱ्या?

"आत्ता," ती म्हणाली. मी हात मिळवायला तिचा हात हातात घेतला.

 मला रडू येत होतं की राग, ते अजून नीट सांगता येणार नाही. पण तापट माणसाला लोकांसमोर असलं काही परवडत नाही. मी तिचा हात सोडला नाही आणि जमेल तितक्या करड्या आवाजात सांगितलं की पुढच्या रविवारी गाडीत पुढे बसू नकोस, कप्तान रस्ताभर बोलत राहतो, डोकं उठेल. आणि सकाळी सातला तयार राहा, डबा मी भरून देतो.